एलीचे बाबा

ब्रीजबाईंची नक्कल मला कधीच जमली नाही. हे माझ्या तोंडून येतंय म्हणजे विशेष आहे. बार्शीच्या शाळेत असताना मी हेडमास्तरांच्या आवाजात ओरडून दोन वर्ग रिकामे केले होते. आयर्लंडला, कासलबारच्या हॉस्पिटलात नोकरीला आलो, तर महिन्याभरात आमचे कन्सल्टंट, चर्चमधले फादर, ट्रॉली ढकलताना शीळ घालणारा पोर्टर, सगळे माझ्या गळ्यात मुक्कामाला आले. पण ब्रीजबाई? मान यायची, चष्म्यावरून बघणं यायचं, आवाजही बऱ्यापैकी यायचा. बाई यायच्या नाहीत.

त्या माझ्या घरमालकीण. पंच्याहत्तरीच्या, उंच, केस पांढरे पण भुवया काळ्याकुळकुळीत. आयुष्यभर वॉर्ड सिस्टर होत्या, आणि रिटायर झाल्यावर वॉर्ड तेवढा घरी आणला होता. मी खोली बघायला गेलो तर खोली दाखवायच्या आधी माझ्या हातात चादर दिली.

“अंथर.”

मी आपली अंथरली, आपण अंथरतो तशी. त्यांनी एका झटक्यात ती ओढून काढली, पुन्हा अंथरली, कोपरे असे दुमडले की पाकीटच. मग म्हणाल्या, “डॉक्टर आहेस ना? म्हणजे शिकशील. सावकाश.”

बाई बोलायच्या इंग्लिश, तेही त्या मेयो जिल्ह्याचं, सगळे शब्द एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेले. मी मराठीत सांगतोय. खरं सांगू का, मराठी त्यांना जास्त शोभते.

‘ग्रँड’ हा इकडचा राष्ट्रीय शब्द. कसं काय? ग्रँड. ताप? ग्रँड. चार दिवस पाऊस थांबला नाही? ग्रँड. बाईंकडे मात्र त्याच्या जाती होत्या. लांबवलेला ग्रँड म्हणजे खरंच बरं चाललंय. तुटका ग्रँड म्हणजे विषय बंद. आणि श्वास आत ओढत म्हटलेला ग्रँड आला, की आपण आपली प्लेट उचलायची आणि वर खोलीत जायचं. मी राहायला गेलो त्या वर्षी हा तिसरा ग्रँड फार ऐकायला मिळाला.

कारण समोरची खोली. तिथं आठ माणसांचं जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर कित्येक वर्षांत कुणी जेवलं नव्हतं. टेबलभर कागद. अमेरिकेहून मागवलेली एका जुन्या खटल्याची नक्कल. (हो, नक्कल. कोर्टाच्या कागदाला हाच शब्द आहे, मी काय करू.) आम्ही स्वयंपाकघरात, गुडघ्याला गुडघा लावून जेवायचो.

बाईंचे वडील एली जेकब. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या चॉक्टॉ जमातीचे, ओक्लाहोमाचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातून इकडे आले, मेयोच्या एका मुलीत अडकले आणि इथंच राहिले. त्यांनी आपल्या वडिलांबद्दल जन्मभर चकार शब्द काढला नाही. का, हे एली गेल्यावर कळलं. सायलस जेकब, म्हणजे बाईंचे आजोबा, खुनी ठरले होते. एका लाकडाच्या वखारीतल्या कारकुनाला मारलं म्हणून जन्मठेप. तुरुंगातच संपले. साक्षीदार एकच, त्यानंही अंधारात ‘कुणीतरी इंडियन’, म्हणजे त्यांच्या लोकांतला कुणीतरी, पाहिलेला.

आता आयर्लंडमध्ये चॉक्टॉ म्हटलं की माणसं उठून उभी राहतात. एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या मोठ्या दुष्काळात त्या लोकांनी, स्वतःचं सगळं नुकतंच लुटलं गेलेलं असताना, वर्गणी काढून पाठवली होती. शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. एकदा मी बाईंबरोबर खाटकाकडे गेलो होतो. तो डोळ्यात पाणी आणून म्हणाला, “ब्रीज, तुझ्या लोकांचे उपकार आम्ही विसरणार नाही,” आणि सॉसेजचे पैसे घेईना.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “बघितलंस? उपकार सगळ्यांना आठवतात. माझ्या आजोबांचं काय झालं ते एकजण विचारत नाही. सॉसेज मात्र मिळतात.”

“चांगले आहेत का पण?”

“ग्रँड,” बाई म्हणाल्या. तुटका.

मला त्यांनी समोरच्या खोलीत कसं घेतलं तेही सांगतो. एका दुपारी मी स्वयंपाकघरात मित्राला व्हिडिओ कॉलवर बाई करून दाखवत होतो. प्रेस, म्हणजे इकडचं कपाट, उघडून कप मोजतायत, कमरेवर हात, ‘कोणी पाणी उकळून चहा केलाच नाही, नुसती किटली बघितली,’ वगैरे. मित्र हसतोय, मी रंगात आलोय. मागून आवाज आला.

“खांदा खाली घे. मी इतकी वाकत नाही.”

मी गार. फोन बंद. आता खोली सोडावी लागणार म्हणून मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या. बाईंनी खुर्ची ओढली आणि विचारलं, “वकिलाचा आवाज येतो का तुला? सरकारी वकील. अमेरिकन. दुष्ट.”

तिकडच्या एका वकीलबाईंनी आजोबांसाठी मरणोत्तर माफीचा अर्ज केला होता. बोर्डापुढे हिअरिंग लागली होती, व्हिडिओवरून. पाचजणांचं बोर्ड, तिघांनी हो म्हणायला हवं. नाही म्हणाले की संपलं, पुन्हा अर्ज करायला बाईंचं वय उरलं नव्हतं. आणि बोर्ड काय विचारणार ते वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या एका प्रश्नानं बाईंची झोप उडाली होती. त्यासाठी त्यांना कुणीतरी समोर बसून उलटतपासणी करणारा हवा होता.

तर रविवारी, चर्च आटोपल्यावर, आमची तालीम सुरू झाली. मी सरकारी वकील. गळ्यात माझाच टाय. बाई समोर ताठ. आणि दाराशी त्यांचा भाऊ मार्टिन, शंभरेक मेंढ्यांचा मालक, टोपी न काढता उभा. मार्टिनला हे प्रकरणच नको होतं. मार्टिन बोलायचाच कमी. मेंढ्यांशी बोलायचा तेवढं माणसांशी नाही.

पहिले प्रश्न बाईंनी पटापट उडवले. मग मी कागद उचलला आणि नाकातून म्हणालो, “मॅडम, खुनाच्या संध्याकाळी सायलस जेकब घरी होता असं तुमचं म्हणणं. मग त्याची स्वतःची बायको, फीबी, कोर्टात असं का म्हणाली नाही?”

बाईंनी समोरचा कागदांचा गठ्ठा उगाच सरळ केला.

“मी वाचून दाखवतो. ‘त्या संध्याकाळी तुझ्या घरात कोण होतं?’ उत्तर, ‘एलीचे बाबा.’ ‘सायलस जेकब घरात होता का?’ साक्षीदार उत्तर देत नाही. ‘एलीचे बाबा म्हणजे कोण?’ साक्षीदार उत्तर देत नाही. ‘त्या माणसाचं नाव सांग.’ साक्षीदार खाली बघते.” मी खुर्चीतून उठलो. मला चेव आला होता, काय सांगू. “ज्युरीतले सद्गृहस्थहो, नवऱ्याचा जीव टांगणीला लागलाय आणि बायको त्याचं नाव घेत नाही! घरात माणूस होता म्हणते. नवरा होता म्हणत नाही. मग तो होता कोण? आणि हा एली नक्की कुणाचा?”

हे माझ्या मनचं नव्हतं हां. शेवटचं वाक्य कागदावर होतं, शंभर वर्षांपूर्वीच्या त्या वकिलाचं. पण बोललो मी होतो.

मार्टिन म्हणाला, “झालं समाधान? हेच ऐकायचं होतं तुला?”

“मार्टिन, बस.”

“नाही बसत. अण्णा का बोलले नाहीत कळलं ना आता?” (तो ‘डॅडी’ म्हणाला. सत्तरीचा माणूस डॅडी म्हणतो ते मराठीत मला सांगता येत नाही.) “त्यांनाच माहीत नव्हतं ते कुणाचे. आणि तू चाललीस सगळ्या अमेरिकेपुढे विचारायला. कुणासाठी लढतेयस, ब्रीज? कदाचित आपला कुणी नसलेल्या माणसासाठी. तो कदाचित खुनीही असेल.”

दार आपटलं नाही त्यानं. हळू लावलं. ते जास्त लागलं.

बाई म्हणाल्या, “तो बरोबर बोलतोय. बोर्डही हेच विचारणार. आणि माझ्याकडे उत्तर नाही.” मग श्वास आत ओढून, “ग्रँड.”

मी प्लेट उचलून जायला हवं होतं. पण प्लेट नव्हती. मी नर्व्हस झालो की जोक करतो, हा माझा आजार. मी टेबलावरचा किचन टॉवेल डोक्यावर पदरासारखा घेतला आणि म्हणालो, “चला, आता फीबी.”

“तिची टिंगल करायची नाही.” आवाज चढवला नव्हता, पण वॉर्डातल्या वीस खाटा गप्प झाल्या असत्या.

मी टॉवेल काढला आणि नुसतं वाचायला लागलो. साधं. ‘त्या संध्याकाळी तुझ्या घरात कोण होतं?’ आणि पुढचं उत्तर देताना माझा आवाज माझा राहिलाच नाही. तो माझ्या आईचा झाला. शब्दसुद्धा मराठीत आले. “ओंकारचे बाबा हायेत की घरात.”

ओंकार म्हणजे मी. मी कागद खाली ठेवला.

“काय झालं?” बाई म्हणाल्या.

“बाई, ती उत्तर देतेय.”

“कोण?”

“तुमची आजी. ती गप्प नाही बसलेली. तिनं सांगितलंय. नवऱ्याचं नाव घेत नसतात, बाई!”

बाईंना काही कळेना. मी धडाधड सांगत सुटलो, माझी आई, मावशी, शेजारच्या काकू, कुणीच नाव घेत नाहीत. बाईंनी हात वर केला. “ओंकार. ते तुझ्या गावचं. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. मी चाळीस वर्षं नातेवाइकांना बरं वाटेल असं बोलले आहे, मला तो सूर कळतो.”

म्हटलं, थांबा. आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. बार्शीत संध्याकाळ होती, आई भाजी निवडत होती.

“आई, या आमच्या ब्रीजबाई.”

“नमस्कार, नमस्कार. जेवलात का हो? हा जेवतो का नीट?”

“आई, बाबांचं नाव काय?”

“आँ?”

“बाबांचं नाव सांग.”

“काय चेष्टा लावलीस रं? तुला ठावं नाही व्हय?”

“मला आहे. बाईंना सांग. कोर्टाचं काम आहे, एका माणसाचा निकाल लागायचाय. खरंच.”

आईच्या हातातली मेथी खाली आली. कोर्ट म्हटल्यावर ती घाबरली. ओठ हलल्यासारखे झाले. पदर नीट केला. बाजूला बघितलं. मला वाटलं आता घेते नाव, आणि घेतलं असतं तर माझं सगळं म्हणणं पाण्यात.

“उखाण्यात घेतलं तर चालंल का?” आई म्हणाली.

“नाही, सरळ सांग.”

“मग मला नाही जमायचं बाबा. त्यांनाच विचार की. हे काय, इथंच बसल्यात.” आणि हनुवटी तिरकी करून तिनं खुर्चीकडे दाखवलं. खुर्चीत बाबा, पेपरमागे.

बाईंना मराठीचं एक अक्षर कळलं नव्हतं. पण त्या फोनवर इतक्या वाकल्या होत्या की आईला फक्त चष्मा दिसत असणार. फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, “तिनं हनुवटीनं दाखवलं.”

“हो.”

“तो तिथंच बसला होता.”

“हो.”

“सायलसही तिथंच बसला होता. आरोपीच्या खुर्चीत. तिच्यासमोर.” बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या, पुन्हा आल्या. “एका माणसानं, कुणीही एका माणसानं तिला म्हणायला हवं होतं, बाई, बोट दाखव.”

फीबी चॉक्टॉत बोलली होती, आणि कोर्टाचा दुभाष्या वखारीच्या दुकानातला एक गोरा होता. त्याला चॉक्टॉ शब्द येत होते. बाकी काही येत नव्हतं. आणि सायलसचा वकील सगळा वेळ गप्प.

तरी बाई मान हलवायला तयार नव्हत्या. आपल्याला हवं तेच खरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओक्लाहोमाला फोन लावला, वकीलबाईंनी ओळख करून दिलेल्या एका चॉक्टॉ आजींना. नव्वदीच्या. फोन स्पीकरवर. बाईंनी मुद्दाम काही सुचवलं नाही. एवढंच विचारलं, “तुमच्या आजी तुमच्या आजोबांना काय म्हणून हाक मारायच्या?”

पलीकडे खुर्ची फोनजवळ ओढल्याचा आवाज आला.

“माझ्या थोरल्या मामाचं नाव घ्यायची,” आजी म्हणाल्या. “‘त्याचे वडील’ म्हणायची. नवऱ्याचं नाव जुन्या बायका घ्यायच्या नाहीत. का गं पोरी? तुला हे कुणी सांगितलं नाही?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मला कुणी सांगितलं नाही.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना टेबलावर कोपर टेकून बसलेलं बघितलं. थोड्या वेळानं त्यांनी फीबीची साक्ष पहिल्यापासून काढली आणि पेन्सिल घेऊन बसल्या. मी कामावर गेलो. परत आलो तर त्या दारातच.

“ती सगळ्यांची नावं घेते,” म्हणाल्या. “शेजाऱ्याचं. पाद्र्याचं. मेलेल्या कारकुनाचं. सरळ, लगेच. अडते फक्त एका नावाला. ओंकार, सायलस तिला परका असता तर तिनं बाकीच्यांसारखं त्याचंही नाव घेतलं असतं.” मग माझ्या छातीवर बोट ठेवून, “ती अडली, हाच पुरावा.”

हिअरिंगच्या दिवशी आमच्याकडे दुपार होती. बाईंनी जांभळा कोट घातलेला, घरात. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, कागद प्रथमच एका बाजूला नीट रचलेले. मी कॅमेऱ्याबाहेर. कुणीतरी बेल न वाजवता दार उघडलं. मार्टिन. गमबूट तसेच, चिखलासकट. बाईंनी गमबुटांकडे बघितलं. एरवी तेवढ्यावर त्याला बाहेर काढला असता. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

पाच चेहरे. चारजण कागदात. मधली एक बाई, चष्मा साखळीचा, थेट बोलली. “मिस जेकब, या माणसाच्या पत्नीनं त्याच्या बाजूनं साक्ष दिली नाही. आणि तुम्ही त्याच्या नात आहात, हेसुद्धा त्या साक्षीवरून ठामपणे म्हणता येत नाही. तुम्हाला यावर काय सांगायचंय?”

तालमीत मी याच्या दुप्पट दुष्टपणे विचारलं होतं. बाईंनी पाण्याचा एक घोट घेतला.

“तिनं साक्ष दिली,” बाई म्हणाल्या. “शपथेवर सांगितलं की एलीचे वडील घरी होते. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. ती त्याला मुलाच्या नावानं ओळखवते. कोर्टाला वाटलं ती लपवतेय. कोर्टानं नाव मागितलं, तेवढं एकच तिला देता येत नव्हतं. तिच्यासमोर तिचा नवरा बसला होता. बोट दाखव असं तिला कुणी म्हटलं नाही. मी नात आहे कशावरून? बाकी सगळ्यांची नावं तिनं घेतली, जे एक नाव तिच्या तोंडून निघालं नाही, त्यावरून.”

‘आमच्यात.’ मी त्यांच्याकडे राहायला लागल्यापासून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. भिंतीपाशी गमबूट हलले.

ओक्लाहोमाच्या आजींचं म्हणणं वकीलबाईंनी वाचून दाखवलं. मग मतं, एकेक, मोठ्यानं. पहिला, हो. दुसरा, नाही. तिसरा म्हणाला, शंभर वर्षांपूर्वीच्या चालीरीतींवर निकाल फिरवता येत नाहीत, नाही. मी टेबलाखाली बाईंचा हात धरला की त्यांनी माझा, माहीत नाही. चौथी, हो. राहिली साखळीच्या चष्म्याची. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अहो, पुसायची हीच वेळ?

“हो,” ती म्हणाली.

मार्टिन खोलीतून बाहेर गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ नुसता वाहत होता. बाई लॅपटॉपसमोर तशाच, कोटाची बटणं लावत होत्या. ती लावलेलीच होती.

बोर्डाचं मत म्हणजे शिफारस. शेवटची सही गव्हर्नरची. ती मी कासलबार सोडेपर्यंत झाली नव्हती, हे लिहितानाही झालेली नाही. मी विचारायचो, काही कळलं का? बाई म्हणायच्या, “सही त्यांची आहे, आजोबा माझे आहेत. मी कशाला थांबू?”

मला डब्लिनला नोकरी लागली, तिथल्याच ॲडम्सटाउन उपनगरात खोली मिळाली. निघायच्या दिवशी बाई घरी नव्हत्याच. निरोपबिरोप त्यांना जमत नसे. टेबलावर सँडविच ठेवलेलं, फॉइलचे कोपरे दुमडलेले. मी गाडीत सामान टाकलं आणि गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो, तर टेकडीवरच्या दफनभूमीच्या भिंतीपाशी मार्टिनची जीप दिसली. मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली.

एली जेकबच्या थडग्याच्या दगडाशी बहीणभाऊ दोघं होती. दगडावर नवी ओळ कोरलेली, ताजी म्हणून पांढरीशुभ्र, रस्त्यावरूनही दिसत होती. बाई गुडघ्यांवर बसून अक्षरांतली भुकटी बोटानं काढत होत्या. मार्टिन उभा, आणि त्याची टोपी हातात.

“वाच,” बाई म्हणाल्या.

तो काहीतरी पुटपुटला.

“मला ऐकू आलं नाही, आपली फीबी आजी तिकडे ओक्लाहोमाच्या मातीत आहे, तिला काय येणार? मेंढ्यांना हाका मारताना असतो की आवाज!”

मार्टिननं घसा साफ केला. आधी नुसतं नाव घेतलं. मग मान वर करून, आडनावासकट, असं ओरडला की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्यांनी चरायचं थांबवून वर बघितलं.

“सायलस जेकब!”

“हां,” बाई म्हणाल्या. “आमचे आजोबा.”